विलीनीकरणानंतर जुन्या बँकेचा कर्मचारी नव्या बँकेत रुजवायचा कसा: क्रमवार पद्धत

विलीनीकरण जाहीर झाले की एचआर विभाग आधी लोगोचे बिल्ले, टी-शर्ट आणि 'आता आपण एक कुटुंब' छापाचा कार्यक्रम उरकतो. ज्येष्ठता यादी, स्टाफ लोनचा व्याजदर, बदलीचे क्षेत्र हे विषय 'यथावकाश' म्हणून फायलीत पडून राहतात. सहा महिन्यांनी शाखेत गेलात तर तोच बिल्ला लावलेला कॅशियर ग्राहकाला सांगताना ऐकू येतो, "काय करणार साहेब, आता त्यांचे नियम." क्रम उलटा लागलेला असतो. माणसाला आधी स्वतःची जागा कळावी लागते, तोपर्यंत बँकेच्या नावाशी त्याला फारसे देणेघेणे नसते.

पुढचे टप्पे सरकारी, ग्रामीण आणि नागरी सहकारी अशा तिन्ही प्रकारच्या बँकांना लागू आहेत. 'जुनी बँक' म्हणजे विलीन झालेली आणि 'नवी बँक' म्हणजे सामावून घेणारी, मग ती शंभर वर्षांची का असेना.

## तयारी: तीन तारखा, एक तक्ता

विजया आणि देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले १ मार्च २०२१ पासून. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत गेली आणि एसवायएनबीने सुरू होणारे तिचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. कायद्याने एक झाल्यावरही जुन्या खुणा सव्वा ते दोन वर्षे रोजच्या कामात होत्या. म्हणून कर्मचाऱ्यांसाठीच्या नियोजनात एकच 'विलीनीकरणाची तारीख' धरू नका. तीन वेगळ्या तारखा लिहून काढा:

१. प्रभावी दिनांक, म्हणजे कायद्याने बँक एक होते तो दिवस.
२. शाखेच्या सिस्टिम मायग्रेशनचा, म्हणजे शाखा नव्या बँकेच्या संगणक प्रणालीवर जाण्याचा दिवस. हा प्रत्येक गटाला वेगळा येऊ शकतो.
३. एकत्रित ज्येष्ठता यादी अंतिम होण्याचा दिवस.

आपलेपणाला खरा धक्का बसतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेला. कार्यक्रम मात्र सगळे पहिल्या तारखेला ठेवलेले असतात.

आता तक्ता. डावीकडे बाब, मग जुन्या बँकेत काय होते, नव्या बँकेत काय आहे, आणि चौथ्या रकान्यात 'आपले काय होणार व कधीपासून'. बाबी अशा: मूळ वेतन व भत्ते, पीएफ की पेन्शन, ग्रॅच्युइटी, घरबांधणी व वाहन कर्जाचा स्टाफ दर, वैद्यकीय खर्च, एलटीसी (प्रवास सवलत), शिल्लक रजा, बढतीसाठी किमान सेवा, बदलीचे क्षेत्र, निवृत्तीचे वय. सरकारी बँकांत वेतनश्रेणी बँकांची संघटना आणि युनियन यांच्यातील द्विपक्षीय करारामुळे सारखीच असते, त्यामुळे तिथे भांडण स्टाफ कर्ज, कल्याण योजना आणि बढती धोरणावरून होते. नागरी बँकांत प्रत्येकीचा युनियनशी स्वतंत्र करार असल्याने तक्त्याची पहिली ओळच वादाची असते.

जे ठरलेले नाही तिथे 'ठरलेले नाही, अमुक तारखेपर्यंत ठरेल' असे लिहा. रकाना रिकामा सोडलात तर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरतो.

सावधान: विलीनीकरणाची योजना कोणत्या कायद्याखाली मंजूर झाली ते कायदा विभागाकडून लेखी घ्या. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खालच्या योजनेत कर्मचाऱ्यांची सेवा आधीच्याच वेतनावर व अटींवर चालू राहते आणि पात्रता व अनुभव समतुल्य असेल तर तीन वर्षांच्या आत नव्या बँकेतील समकक्ष पदाइतके वेतन द्यावे लागते. इतर मार्गाने झालेल्या विलीनीकरणात अटी योजनेच्या मजकुरातच शोधाव्या लागतात. 'कोणालाही तोटा होणार नाही' असे व्यासपीठावरून बोलण्याआधी तो मजकूर वाचलेला असावा.

## टप्पा १: आकडे आधी, भाषण नंतर (प्रभावी दिनांकाच्या ६० ते ३० दिवस आधी)

१. तक्ता आधी युनियन व ऑफिसर्स असोसिएशनच्या प्रतिनिधींना दाखवा. त्यांच्या हरकतींसाठी किमान आठवडा द्या. सेवाशर्ती बदलणार असतील तर बदलाच्या नोटिशीचा २१ दिवसांचा कायदेशीर कालावधी वेगळा धरा.

२. मग शाखाधिकाऱ्यांना बोलवा. जुन्या बँकेतल्या क्लार्कला हे सगळे मुख्य कार्यालयाच्या ई-मेलमधून कळण्याऐवजी त्याच्या मॅनेजरसाहेबांकडून कळले पाहिजे. मॅनेजरलाच बातमी पेपरात वाचून समजली असेल तर पुढची दोन वर्षे त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

३. शाखेत बैठक घ्या: २० माणसांपर्यंत, ४५ मिनिटे, कामकाज संपल्यावर. पहिली दहा मिनिटे तक्ता, उरलेला वेळ प्रश्न. उत्तर माहीत नसलेले प्रश्न समोरच वहीत उतरवा आणि सात दिवसांत लेखी उत्तर पाठवा.

४. नव्या बँकेच्या कर्मचाऱ्यांचीही अशीच बैठक घ्या. ही हमखास विसरली जाते. त्यांची तक्रार वेगळी असते: 'हे आले, आता आमच्या बढतीच्या जागा वाटल्या जाणार.' तिचे उत्तर आकड्यात द्यावे लागते, म्हणजे पुढच्या दोन बढती फेऱ्यांत प्रत्येक स्केलमध्ये (अधिकाऱ्यांच्या श्रेणीत) किती जागा असतील ते. 'मोठे मन ठेवा' हे उत्तर नव्हे.

तपासणी: कोणत्याही शाखेत फोन करून एका क्लार्कला विचारा, "तुमच्या घरकर्जाचा दर एक तारखेनंतर किती?" उत्तर अंदाजाने आले तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: पहिला पगार

नव्या बँकेच्या पेरोलमधून निघालेली पहिली पगारचिठ्ठी हेच नव्या बँकेचे पहिले खरे पत्र असते. मूळ रक्कम सहसा बरोबर असते, गडबड होते ती कपातीत. जुन्या बँकेच्या कर्मचाऱ्यांची पगारदार पतसंस्था असते. तिचा शेअर, वर्गणी आणि कर्जाचा हप्ता पगारातून कापला जातो. नव्या पेरोलमध्ये त्या पतसंस्थेचा कपात-कोडच उघडलेला नसतो. पगार पूर्ण जमा होतो, माणूस खूश होतो आणि पुढच्या महिन्यात पतसंस्थेकडून थकबाकीचे पत्र येते, सोबत जामीनदारालाही. एलआयसीच्या पगार बचत योजनेचे हप्ते, युनियनची वर्गणी, न्यायालयाच्या आदेशाने होणारी कपात यांचीही तीच गत.

क्रम असा ठेवा:

१. जुन्या पेरोलमधून शेवटच्या महिन्याची कपात-कोडनिहाय यादी काढा. प्रत्येक कोडसमोर नवा कोड लिहा. जोडी न लागलेला एकही कोड उरता कामा नये.
२. प्रभावी दिनांकाआधी दोन्ही पेरोल समांतर चालवा आणि हातात पडणाऱ्या रकमेतला फरक काढा. शंभर रुपयांहून जास्त फरकाचे प्रत्येक प्रकरण माणसाने तपासावे.
३. पगाराच्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस, फोन उचलणारी माणसे बसवा. तिकीट क्रमांक देणारे पोर्टल या कामाचे नाही.
४. कर्मचारी क्रमांक बदलत असेल तर पगारचिठ्ठीवर जुना क्रमांकही वर्षभर छापा. पीएफ, रजा, वैद्यकीय बिले सगळी जुन्या क्रमांकावर शोधली जातात.

## टप्पा ३: नाव, पाटी, बिल्ला

आता कुठे लोगोची पाळी. विलीनीकरणानंतरच्या आपलेपणावर सामाजिक मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे आणि त्यातला धागा सरळ आहे: 'आपण होतो तेच पुढे चालू आहोत' ही भावना टिकली तर माणूस नव्या संस्थेशी जोडला जातो. बलवान बाजूला हे सातत्य फुकट मिळते, कारण नाव, पाटी, नियम तिचेच राहतात. दुसऱ्या बाजूला ते मुद्दाम द्यावे लागते.

इंडियन बँकेने आपल्या बोधचिन्हात तिच्यात विलीन झालेल्या बँकेचे 'इलाहाबाद' हे नाव ठेवले. युनियन बँकेच्या पाट्यांवर आंध्रा आणि कॉर्पोरेशन या विलीन बँकांची नावे खाली आली. पाटीवरच्या एका ओळीला खर्च जवळपास शून्य, आणि जुन्या खातेदारालाही आपण बरोबर दारात आलो हे कळते. नागरी बँकेत तर ही ओळ हवीच, कारण तिथले सभासद, ठेवीदार आणि कर्मचारी बहुधा एकाच गावचे असतात.

* जुने नाव पाटीवर आणि ग्राहकांच्या पत्रात ठेवा. कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावर ठेवू नका. बँक ऑफ बडोदाच्या सूचनांत शाखांसाठी 'ई-विजया', 'ई-देना' अशी लेबले होती. शाखेपुरते ते सोयीचे. तेच माणसाला चिकटले की 'तो ई-अमुकवाला' ही त्याची कायमची जात होऊन बसते.
* एचआरच्या फॉर्ममध्ये 'मूळ बँक' हा रकाना फक्त ज्येष्ठता व निवृत्तिलाभांच्या कामापुरता ठेवा. प्रशिक्षणाची हजेरी, कामगिरी अहवाल, बदली आदेश यांतून काढून टाका.
* संस्थापकांची तसबीर, जुन्या अध्यक्षांच्या नावांचा फलक, पहिले लेजर यांची प्रभावी दिनांकाआधी यादी करा आणि प्रत्येक वस्तूचे काय करायचे ते शाखेलाच ठरवू द्या. रंगकामाचा ठेकेदार फलक उतरवून जिन्याखाली ठेवतो आणि त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतो. हे अपवादाने घडत नाही.
* जुन्या बँकेचा स्थापना दिन लगेच रद्द करू नका. शाखा पातळीवर साधा चहापाण्याचा कार्यक्रम पुरे. निवृत्तांनाही बोलवा, गावात बँकेबद्दल काय बोलले जाते ते बरेचसे त्यांच्या कट्ट्यावर ठरते.

## टप्पा ४: मायग्रेशनचा आठवडा

सगळ्यात जास्त नुकसान याच आठवड्यात होते. पंचवीस वर्षे काउंटर सांभाळलेली, मेनू कोड बोटांवर असलेली हेडकॅशियर बाई एका सोमवारी ओळखीच्या ग्राहकांसमोर शिकाऊ होते. "मॅडम, आज एवढा वेळ?" असे रांगेतून कोणी म्हटले की तिची बँकेबद्दलची नव्हे, स्वतःबद्दलची खात्री हलते. 'दोन्हीकडे फिनॅकलच (बँकिंगचे सॉफ्टवेअर) आहे' यावर विसंबू नका. आवृत्ती, मेनू, मेकर-चेकरच्या (नोंद करणारा आणि मंजूर करणारा यांच्या) मर्यादा आणि रिपोर्टची नावे प्रत्येक बँकेत वेगळी असतात.

१. चार आठवडे आधी: प्रत्येक काउंटरवरची रोजची साधारण २० कामे काढा: रोख जमा, रोख अदा, मुदत ठेव उघडणे व मोडणे, डीडी, पासबुक छपाई, लॉकर भाडे, दिवसअखेर. जुना मेनू आणि नवा मेनू शेजारी छापलेला एक कागद तयार करा. दोन पाने झाली तर तो कोणी वाचत नाही.

२. तीन आठवडे आधी: सराव-सिस्टिमवर प्रत्येकाने ही वीस कामे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आयडीने करायची. सभागृहातल्या प्रोजेक्टरला प्रशिक्षण म्हणू नका.

३. आदला शनिवार: सगळ्यांचे आयडी, बायोमेट्रिक, अधिकारमर्यादा चालतात का ते शाखेतूनच लॉग-इन करून पाहा. सोमवारी सकाळी दहा वाजता चेकरची मर्यादा शून्य निघणे हा नेहमीचा घोळ.

४. पहिले दोन ते तीन आठवडे: नव्या बँकेचा एक जाणकार प्रत्येक शाखेत बसवा. तो खुर्चीच्या मागे उभा राहील. व्यवहार जुन्याच माणसाने करायचा, मग दोन मिनिटे जास्त का लागेनात. जाणकार स्वतः काउंटरवर बसला की रांग लवकर सरते, पण शाखेसमोर आणि ग्राहकांसमोर निकाल लागून जातो की इथे जुने लोक उपयोगाचे नाहीत. असा साहाय्यक निवडताना सर्वात हुशार माणूस शोधू नका, सबुरीचा शोधा.

५. त्या महिन्याची विमा, कार्ड, म्युच्युअल फंडाची उद्दिष्टे त्या शाखांना लावू नका. पुढच्या तिमाहीत भरून काढायलाही सांगू नका.

६. जुन्या सिस्टिममधली एखादी पद्धत सरस असेल, समजा एखादा थकबाकी रिपोर्ट, तर ती नव्या बँकेत सर्वांसाठी घ्या आणि कोणाकडून घेतली ते परिपत्रकात लिहा. अशी एक ओळ संपूर्ण विलीनीकरण-महोत्सवाहून जास्त काम करते.

तपासणी: दुसऱ्या शुक्रवारी पाहा: दिवसअखेर किती वाजता होते, आणि साहाय्यकाशिवाय वीसपैकी किती कामे होतात. सोळाच्या खाली असेल तर साहाय्यक आणखी आठवडाभर ठेवा.

## टप्पा ५: ज्येष्ठता, बढती, बदली

दोन बँकांत बढतीचा वेग वेगळा असतो. एकीत स्केल २ ला चार वर्षांत पोचतात, दुसरीत सात लागतात. निव्वळ 'सध्याच्या स्केलमधील रुजू तारीख' धरली तर हळू चालणाऱ्या बँकेचे लोक मागे पडतात, एकूण सेवा धरली तर दुसरी बाजू ओरडते. कोणतेही सूत्र सर्वांना पटणार नाही. पटू शकते ती पद्धत: सूत्र यादीच्या आधी जाहीर करा, म्हणजे ते माणसे पाहून बेतले असा संशय राहत नाही. मग तात्पुरती यादी, हरकतींसाठी ३० दिवस, प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर आणि शेवटी अंतिम यादी. 'आपला अर्ज विचारात घेण्यात आला' हे उत्तर नसते.

सावधान: यादी अंतिम होण्याआधी एकही बढती फेरी काढू नका. काढलीत तर पुढची सगळी यादी कोर्टात जाते आणि तिथे दोन्ही बँकांची माणसे 'आम्ही' आणि 'ते' म्हणूनच उभी राहतात.

बदल्यांत दोन घाई टाळा. पहिली, जुन्या बँकेचे शाखाधिकारी एकदम उचलून तिथे नव्या बँकेचे बसवणे. पहिल्या वर्षी शाखेतला प्रमुख आणि दुसरा माणूस यांपैकी एकच हलवा. कर्मचारी शाखेशी आधी जोडलेला असतो. ती दोरी शाबूत असेल तर तिच्या आधाराने नवी बँकही आपली होते. दुसरी, 'मिसळावेत' म्हणून सरसकट लांब बदल्या. १ मे २०२५ रोजी नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी बदलीचे क्षेत्र कागदावर केवढे होते याची कल्पना करा. लिपिकांना कोणत्या हद्दीबाहेर टाकणार नाही आणि किती वर्षे, हे तक्त्याच्या बदलीच्या ओळीत लिहिलेले असेल तर अर्धी धास्ती जाते.

## टप्पा ६: एकाच गल्लीतल्या दोन शाखा

एक बंद होणारच. बंद होणाऱ्यांत फक्त जुन्या बँकेच्या शाखा असतील, तर कर्मचारी यादी वाचून अर्थ काढतात आणि तो बरोबरच असतो. निकष (जागेचे भाडे, लॉकर, पार्किंग, ठेवी, ज्येष्ठ नागरिकांची संख्या) आधी लिहा, मग शाखा त्यांत बसवा.

एकत्र येणाऱ्या शाखेत पहिल्या दिवसापासून बसण्याची जागा मिसळा. जुने सगळे मागच्या खोलीत आणि पुढचे काउंटर नव्यांचे, अशी रचना एकदा बसली की जेवणाचे डबेही वेगळे उघडतात. रोकड, क्लिअरिंग, कर्ज या प्रत्येक टेबलावर दोन्हीकडचा एकेक माणूस, आणि चाव्यांचा संयुक्त ताबाही दोघांत वाटलेला असावा. तिजोरी उघडायला जिथे दोघे लागतात, तिथे ओळख आपोआप वाढते.

## अडचणीतल्या बँकेतून आलेले

यांना वरचा क्रम पुरत नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत ती विलीन झाली २५ जानेवारी २०२२ रोजी. अशा काळात काउंटरवरच्या माणसाने रोज शिव्या खाल्लेल्या असतात, बहुतेकदा स्वतःची आणि नातेवाइकांची ठेवही त्याच बँकेत अडकलेली असते.

त्यांना तुमच्या बँकेच्या गौरवशाली परंपरेचे भाषण देऊ नका. करायचे ते असे: घोटाळा झाला असेल तर त्याची चौकशी कोणावर चालू आहे आणि कोणाचा काही संबंध नाही हे शक्य तितक्या लवकर लेखी कळवा. निर्दोष माणसाच्या हातात तसे पत्र असणे फार मोलाचे असते. ठेवी परत देण्याचे वेळापत्रक आधी त्यांना समजावा, मग जाहिरात द्या; ग्राहक येणार त्यांच्याकडेच. आणि त्यांनी ठेवी टिकवल्याचे, ग्राहक सांभाळल्याचे काम नाव घेऊन नोंदवा. जुन्या बँकेचे नाव पुसायची घाई इथे कमी लोकांना खटकते, काहींना ती हवीही असते. विचारून ठरवा.

## टप्पा ७: मोजणी

मेल आणि अ‍ॅशफोर्थ या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेली, संस्थेबद्दलचा आपलेपणा मोजणारी सहा विधानांची मोजपट्टी आजही वापरात आहे. बँकेपुरता तिचा आशय असा: बँकेवर कोणी टीका केली तर ती स्वतःला लागते का, लोक बँकेबद्दल काय म्हणतात याची उत्सुकता वाटते का, बोलताना तोंडी 'आपली' येते की 'त्यांची', बँकेचे यश स्वतःचे वाटते का, कौतुक झाले तर बरे वाटते का, वर्तमानपत्रात वाईट बातमी आली तर लाज वाटते का. प्रत्येकाला १ ते ५ गुण.

हीच सहा विधाने तीनदा विचारा: शाखेबद्दल, जुन्या बँकेबद्दल, नव्या बँकेबद्दल. वेळा: प्रभावी दिनांकाच्या महिनाभर आधी, मायग्रेशननंतर ९० दिवसांनी, ज्येष्ठता यादीनंतर आणि दोन वर्षांनी. दहापेक्षा कमी उत्तरे आलेल्या गटाचा निकाल छापू नका, माणूस ओळखू येतो. कर्मचारी क्रमांक मागितलात तर सगळे चार-पाच गुण देतील आणि कागद निरुपयोगी होईल.

वाचायचे कसे? ९० दिवसांनी शाखा वर आणि नवी बँक खाली असेल तर घाबरायचे कारण नाही. जुनी आणि नवी दोन्ही वर, हे उत्तम. जुनीचे गुण मुद्दाम पाडायला जाऊ नका. जुनीचे पडले पण नवीचे वाढले नाहीत, तर तो माणूस मनाने बाहेर पडला आहे. तिथे बहुधा बंद झालेली शाखा किंवा अनुत्तरित ज्येष्ठता-हरकत सापडते. आणि नव्या बँकेच्या मूळ कर्मचाऱ्यांचे गुण उतरले असतील तर टप्पा १ मधली चौथी पायरी गाळली गेली होती.

विलीनीकरण कक्ष वर्षभरात गुंडाळण्याची प्रथा आहे. तीन गोष्टी झाल्याशिवाय तो बंद करू नका: तक्त्यात एकही 'ठरलेले नाही' उरलेले नाही, सर्व ज्येष्ठता-हरकतींना लेखी उत्तर गेले आहे, आणि यादीनंतरच्या पहिल्या बढती फेरीत दोन्हीकडच्या अर्जदारांच्या निवडीचे प्रमाण तपासून ते संचालक मंडळापुढे ठेवले आहे.